जॉर्जीनची व्हॅन आणि हिरवी प्रत

जॉर्जीन पॉस्पिशिलला कुणाचा संशय घेताच येत नाही. गुण म्हणा, खोट म्हणा, जन्मजात आहे. तिच्या तळघरात तीन व्हॅक्यूम क्लीनर आहेत आणि त्यांतला एकही धड धूळ ओढत नाही, कारण दाराशी आलेल्या कुठल्याही विक्रेत्याला तिने आजवर रिकाम्या हाती पाठवलेलं नाही. मी म्हणते, "अगं, उद्या कुणी चंद्र विकायला आला तर तोही घेशील तू." तर म्हणते, "बिचारा इतक्या लांबून आणेल, नाही कसं म्हणायचं?"

मी तिच्या अगदी उलट. मी बर्नाडीन झायिचेक. नेब्रास्कातल्या आमच्या काउंटी कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली. जमिनीचे, लग्नाचे, मेलेल्यांचे, सगळ्यांचे कागद माझ्या हाताखालून गेले. इतकी वर्षं लोकांच्या सह्या निरखल्यावर माणूस बिघडतो. कुणी नुसतं हसून बघितलं तरी मनात येतं, याला काय हवंय? गावात माझी टिंगल होते. पाद्रीबाबा म्हणतात, बर्नाडीन स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी ओळखपत्र मागेल. मागेनच.

जॉर्जीनचा नवरा मायलो. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यात तीनदा त्याला लिंकनला डायलिसिसला न्यावं लागे. पस्तीस मैल जायचं, चार तास बसायचं, पस्तीस मैल यायचं. जॉर्जीनने बंद पडलेल्या एका चर्चची जुनी व्हॅन घेतली, दाराशी पायरी बसवून घेतली आणि चार वर्षं एकही खेप चुकवली नाही. बर्फाच्या वादळात रस्त्यावरचा बर्फ लोटणाऱ्या ट्रकच्या मागे मागे गाडी हाकली आहे तिने. मी एकदा सोबत गेले होते. परत आल्यावर दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही आणि ही बाई मात्र तिकडे सूपमध्ये काय काय घालावं यावर नर्सशी गप्पा मारून आली होती.

मायलो गेला. तिसऱ्या आठवड्यात अडॉल्फ कॉटासचा फोन आला. अडॉल्फ एकोणऐंशीचा, डुकरं पाळून निवृत्त झालेला, बायको वारलेली, मुलगी रोझाली डेन्व्हरला. मायलोच्या शेजारच्या खुर्चीत त्याचंही रक्त धुतलं जायचं.

"जॉर्जीन, सोमवारी काय करतेस?"

"काही नाही."

"मग पहाटे साडेपाचला ये."

बस. एवढ्यावर धंदा सुरू झाला. वर्षभरात अडॉल्फ धरून पाच माणसं झाली. पेट्रोलपुरते पैसे ते कॉफीच्या डब्यात टाकत. कुणी टाकले, कुणी नाही, ते जॉर्जीनने कधी पाहिलं नाही. मी पाहायची.

मग राज्य सरकारचं पत्र आलं. पैसे घेऊन माणसं न्यायची तर परवाना लागतो, तुमच्याकडे नाही, तेव्हा थांबा; परवाना मिळेपर्यंत रुग्णांना फुकट नेलंत तरी तो धंदाच धरू. विमा कंपनीलाही कुठून तरी कळलं आणि तिने हात वर केले. जॉर्जीनने रीतसर अर्ज केला. आता गंमत ऐका. आमच्याकडे असा अर्ज आला की आधीपासून धंद्यात असलेल्या कंपनीला हरकत घेता येते, की इथे आणखी गाडीची गरजच नाही. म्हणजे गावात दुसरी बेकरी काढायची तर पहिल्या बेकरीवाल्याला विचारायचं, बाबा रे, लोकांना भूक आहे का? मिडलँड राइड नावाच्या कंपनीने हरकत घेतली. त्यांचा एक ड्रायव्हर तीन काउंट्या सांभाळतो. पण कागदावर गरज भागलेली होती. अर्ज फेटाळला.

महिन्याभराने जॉर्जीनच्या दाराशी गॅरिक लुंड उभा राहिला.

तिने मला फोन केला, "एक छान मुलगा आलाय, मदत करतो म्हणतोय." मी चपला बदलायलाही थांबले नाही.

पोरगा तिशीचा, गोरागोमटा. बूट शेतकऱ्याचे पण एक चिखलाचा ठिपका नाही. जॉर्जीनने खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले आमचे गोड पाव, गरम करून पुढे ठेवले होते आणि तो दुसऱ्यावर होता. लिंकनमधल्या 'प्लॅट व्हॅली सेंटर'चा माणूस. ही मंडळी काही विकत नाहीत. कायदे कसे असावेत याचे अहवाल लिहितात आणि ते घेऊन सेनेटरांच्या मागे लागतात. सरकारने धंद्यांच्या वाटेतून बाजूला व्हावं, हा त्यांचा एकच मंत्र.

"हा कायदाच बदलायचा, मॅडम," तो मला म्हणाला. "विधेयकाचा मसुदा तयार आहे. कंपन्यांचा हरकतीचा हक्क काढून टाकायचा."

"आणि तुला यात काय मिळतं?"

"आमचा तत्त्वावर विश्वास आहे."

"तत्त्वावर घराचा हप्ता भरता येत नाही, पोरा. पगार कोण देतं?"

"देणगीदार."

"नावं?"

तो हसला. "ती खासगी असतात."

"बर्नाडीन!" जॉर्जीन ओरडली. "त्याला खाऊ दे."

"खाऊ दे की. मी फक्त विचारतेय. हिच्यापर्यंत पोचलास कसा?"

"फेटाळलेल्या अर्जांच्या नोंदी आम्ही वाचतो," तो म्हणाला, आणि तेही असं, जसं काही रोजचं वर्तमानपत्र वाचतो. माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे हा पोरगा कचेरीत बसून लोकांच्या नशिबाचे कागद चाळतो, आणि बरं दुःख दिसलं की बूट घालून निघतो! पुढे त्याच्याच तोंडून निसटलं की त्या वर्षी चार अर्ज फेटाळले गेले होते. एकावर दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला होता, एक जण फार शिवराळ होता, एकाने फोटोला नकार दिला. राहिली जॉर्जीन. विधवा, पांढरे केस, चेहरा असा की बघणाऱ्याला आपली आई आठवावी.

फोटो काढायला माणूस आला तेव्हा मी तिथेच होते. जॉर्जीन व्हॅनला टेकून उभी राहिली. तो म्हणाला, "नवऱ्याचं एखादं जॅकेट असेल तर घालता का?" आणि ती आनंदाने आत जाऊन मायलोचं जॅकेट घालून आली! माझं टाळकं असं सणकलं म्हणून सांगू. मी घरी निघून आले. संध्याकाळी तिला म्हटलं, "तुला ते विकतायत, कळतंय का?"

"विकू देत," ती म्हणाली. "अडॉल्फला गाडी मिळाली की झालं."

खरा प्रश्न तोच होता आणि तो मलाही नाकारता येत नव्हता. अडॉल्फ मिडलँडच्या गाडीने जायला लागला होता. दोनदा ती आलीच नाही. एकदा उपचार संपल्यावर त्याला साडेचार तास बाकावर बसवून ठेवलं. रोझालीने डेन्व्हरहून निक्षून सांगितलं होतं, की सप्टेंबरपर्यंत डायलिसिसला जाण्यायेण्याची कायमची सोय झाली नाही तर घर विकायचं आणि लिंकनमधल्या वृद्धाश्रमात जायचं. तिने तिथली एक खोली धरूनही ठेवली होती. अडॉल्फ त्याच घरात जन्मला. तो मला म्हणाला होता, "तिथे गेलो तर डायलिसिसने नाही, बिंगो खेळून मरेन."

मग मी माझ्या परीने कामाला लागले. आमच्या विधिमंडळात विधेयक आलं की ते हिरव्या कागदावर छापतात. त्याला सगळे हिरवी प्रत म्हणतात. मी ती आणवली आणि भिंग घेऊन तीनदा वाचली. कुठे पाणी मुरतंय ते शोधत होते. काही सापडलं नाही. सरळ, साधं विधेयक. गाडी सुस्थितीत हवी, विमा हवा, चालकावर गुन्हा नको. एवढं असेल तर अर्ज टाकताच परवाना मिळेल आणि कुणाला हरकत घेता येणार नाही. जॉर्जीनने गॅरिकला सांगून टाकलं, "जे काही कागद असतील ते बर्नाडीनला पाठवत जा. मला त्यातलं कळत नाही. ती वाचते."

फेब्रुवारीत सुनावणी झाली. आमच्याकडे प्रत्येक विधेयकाची जाहीर सुनावणी होते आणि कुणीही सोम्यागोम्या जाऊन बोलू शकतो. खुर्चीत बसायचं, आधी आपलं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगायचं, मग तीन मिनिटं. समोर हिरवा दिवा, पिवळा, लाल. आधी बाजूचे बोलतात, मग विरोधातले, शेवटी कुंपणावरचे. गॅरिकने जॉर्जीनला भाषण टाइप करून दिलं होतं. त्यात 'स्पर्धा' हा शब्द सात वेळा होता, मी मोजला होता.

तिने नाव सांगितलं, अक्षरं सांगितली, कागद उघडला, चष्मा शोधला, सापडला नाही. कागद घडी करून मांडीवर ठेवला.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "अडॉल्फ कॉटास सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी जगतो. मधले दिवस तो त्यावर काढतो. माझ्याकडे व्हॅन आहे. मला त्याला नेऊ द्या."

दिवा अजून हिरवाच होता. ती उठून आली. समोर समितीचे सात सेनेटर, त्यातला एक पेन खाली ठेवून नुसता बसला होता. माझ्या शेजारी गॅरिकने डोळे पुसले. मी त्याच्याकडे नीट रोखून बघितलं, अश्रू खरे आहेत की नाटक. देवाशपथ सांगते, मला ठरवता आलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्या दिवसापासून मी त्या देणगीदारांच्या मागे लागले. कोण असतील? विम्यावाले? टॅक्सीवाले? मिडलँडला गिळायला टपलेली कुणी मोठी कंपनी? सेंटरचे जुने अहवाल उपसले, करखात्यात भरलेली त्यांची विवरणपत्रं मागवली, ओमाहातल्या एका फाउंडेशनचं नाव सापडलं, त्याच्या मागे दुसरं फाउंडेशन, त्याच्या मागे तिसरं. मार्च आणि एप्रिल मी त्यात घातले. जेवणाच्या टेबलावर कागदांचा ढीग. जॉर्जीन म्हणायची, "सापडला का गं चोर?"

"सापडेल."

"सापडला की त्याला कोलाचे नेऊन देऊ."

दरम्यान सेंटरकडून मला ई-मेलचा मारा सुरू झाला होता. स्वातंत्र्यासाठी पंचवीस डॉलर द्या. स्वातंत्र्यासाठी शंभर डॉलर द्या. आठवड्यात चार चार. मी वैतागले आणि शेजाऱ्याच्या नातीकडून अशी व्यवस्था करून घेतली की त्यांच्याकडून काहीही आलं तरी परस्पर कचऱ्यात जावं. फार शांत वाटलं.

मे महिन्यात विधेयक मंजूर झालं. एकेचाळीस विरुद्ध तीन. मिडलँडवाल्यांनी शेवटी विरोध सोडला म्हणे. मला तेव्हाच खटकायला हवं होतं! हाडूक तोंडात असलेला कुत्रा आपणहून ते सोडतो का? पण मी ओमाहातल्या फाउंडेशनांत इतकी बुडाले होते, की मला वाटलं, जॉर्जीनच्या बोलण्याने लाज वाटली असेल त्यांना. मला! एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईला!

गव्हर्नरच्या सहीच्या वेळी जॉर्जीनला बोलावलं, सहीचं पेन दिलं. गॅरिकने सांगितलं की कायदा सप्टेंबरात अमलात येईल, तोवर धीर धरा. उन्हाळाभर अडॉल्फला गावातल्यांनी आळीपाळीने नेलं. पण सप्टेंबरात मका काढायला येतो, आणि मग कापणीयंत्रावरून उतरायला कुणाला सवड नसते. त्यांच्यापैकी शेवटचा जो होता त्याने सांगितलं, शुक्रवारी नेतो, सोमवारपासून जमणार नाही. कायदा शनिवारी लागू होत होता. अगदी वेळेवर.

त्याच आठवड्यात गुरुवारी ओमाहाला सेंटरचं वार्षिक दुपारचं जेवण होतं. जॉर्जीनला सन्मानाने बोलावलेलं, मला तिची पाहुणी म्हणून. हॉटेलचं मोठं सभागृह, चारशे माणसं, पांढऱ्या सॉसखाली रबरासारखी कोंबडी. प्रत्येक ताटाशेजारी गुळगुळीत कागदाचा वार्षिक अहवाल. मुखपृष्ठावर जॉर्जीन, व्हॅनला टेकलेली. आत वर्षभराची मर्दुमकी: इतकी विधेयकं मंजूर, इतके निर्बंध रद्द. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नवा कायदा छापला होता, अख्खा.

व्यासपीठावरून जॉर्जीनचं नाव पुकारलं. ती गेली. मला कोंबडी जाईना, म्हणून मी पर्समधून भिंग काढलं आणि कायदा वाचायला घेतला. सवय.

पहिलं कलम तसंच. दुसरं तसंच. तिसऱ्यात एक वाक्य होतं, जे मी कधी वाचलेलं नव्हतं. या कायद्याचा लाभ किमान सहा गाड्या असलेल्या चालकांनाच मिळेल. बाकीच्यांना जुनाच नियम.

मी पुन्हा वाचलं. सहाच होतं.

गॅरिक माझ्या उजवीकडे बसला होता. मी पान त्याच्या ताटावर ठेवलं आणि बोट दाबलं. "हे काय आहे?"

त्याचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाला, "ती दुरुस्ती आहे, मॅडम. त्याशिवाय मिडलँड हटत नव्हती आणि मतं जुळत नव्हती. मला नको होती. वरचे म्हणाले, अर्धी भाकरी तर पदरात पाडून घेऊ, उरलेली दोन वर्षांनी मागू."

"आणि आम्हाला सांगायचं नाही?"

"पाठवलं होतं ना. एप्रिलमध्ये, तुम्हाला. पांढरी प्रत." दुरुस्तीने विधेयक सगळंच बदललं की नवा मजकूर पांढऱ्या कागदावर निघतो, हे मला माहीत होतं. मीच लोकांना शिकवलंय ते. "सोबत लिहिलं होतं मी," तो म्हणाला, "की हे पटत नसेल तर लगेच फोन करा, जॉर्जीन विरोधात बोलल्या तर ही दुरुस्ती टिकणार नाही. तुमचा फोन आला नाही. मला वाटलं, तुम्ही वाचलंत आणि तुम्हाला चालतंय."

"एक फोन तू करायचास, मेल्या."

"करायला हवा होता," तो म्हणाला. आणि मला वाटतं, त्याने तो मुद्दामच केला नव्हता. केला असता तर आमचा नकार त्याला ऐकावा लागला असता.

वर जॉर्जीन माइकपाशी उभी होती. "मी काही जास्त बोलत नाही," ती म्हणाली. "सोमवारी पहाटे साडेपाचला मी अडॉल्फला न्यायला जाणार आहे. त्याला तसं सांगून आलेय. तुमचे आभार."

चारशे माणसं उभी राहिली. खुर्च्या सरकल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला. गॅरिकही उठला, मान खाली घालून.

परतीच्या वाटेवर माझी गाडी जॉर्जीनच चालवत होती, कारण मला आता हायवेवर दिसत नाही. दोन्ही बाजूंना वाळलेला मका. लिंकन मागे पडेपर्यंत ती जेवणाबद्दल बोलत होती, तिथल्या बायकांच्या केसांबद्दल बोलत होती. मग मला धीर धरवेना आणि मी सगळं सांगितलं. सहा गाड्या. पांढरी प्रत. कचऱ्यात गेलेला ई-मेल. माझी चूक मी लपवली नाही.

शेतातून कापणीयंत्राची धूळ रस्त्यावर आली, तिने काच वर घेतली.

"सहा?"

"सहा."

"तू हे वाचलंस कधी?"

"आज. टेबलावर."

"मी बोलायच्या आधी?"

"...हो. जरा आधी."

"मग टाळ्या का वाजवल्यास?" ती म्हणाली. "मला वरून दिसत होतीस तू. उभी होतीस."

मी काय सांगू? मला त्या सगळ्या लोकांचा पहिल्या दिवसापासून संशय होता. त्यांच्या बुटांचा, त्यांच्या पैशाचा, त्या पोराच्या डोळ्यांतल्या पाण्याचा. आणि हातात पुरावा धरून मी उठले, कारण माझ्या टेबलावरचे सगळे उठले होते, आणि एकटीने बसून राहायची मला लाज वाटली. मी तिला एवढंच म्हटलं, "सगळे उठले म्हणून."

आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्याकडे तसं पाहिलं, जसं मी लोकांकडे पाहते. मग पुन्हा रस्त्याकडे पाहू लागली.

गावात शिरल्यावर तिने गाडी स्वतःच्या घराकडे वळवली नाही, सरळ अडॉल्फच्या दाराशी नेऊन उभी केली. तो ओसरीवर बसला होता. तिने इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "तू सांग. वाचलं आहेस तू."

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. माझं संपल्यावर अडॉल्फ गुडघ्यांवर हात टेकून थोडा पुढे वाकला.

"सकाळी रोझालीचा फोन आला होता," तो म्हणाला. "वृद्धाश्रमातली ती खोली सोडून दे म्हटलं तिला. दुसरं कुणीतरी वाट बघत होतं म्हणे. दुपारीच दिली त्यांना."

जॉर्जीन त्याच्या शेजारी पायरीवर बसली. मला कुणी बस म्हटलं नाही.